ओविड, टिशन आणि न बुडणारं अस्वल

नववीच्या मुलांना लॅटिनमधून ओविड हा रोमन कवी शिकवताना कथा, चित्रं आणि तारे एकत्र कसे आणायचे, असं तुम्ही विचारलंय. पहिलं म्हणजे तिन्हींचे तीन तास करू नका. इंग्लंडात शिकवायला लागले त्या वर्षी मी ते केलं होतं. स्लाइड्स झकास, मुलं खूश, आणि चाचणीत आज्ञार्थ एकालाही ओळखता आला नाही.

आता मी ओविडच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्याच्या दुसऱ्या भागातली कॅलिस्टोची कथा घेते, त्यातही दोनच ओळी. पहिलीत शिकारीची देवी डायना आपल्या गरोदर सखीला, कॅलिस्टोला, झऱ्यावरून हाकलते: ‘ई प्रोकुल हिंक’, चालती हो इथून. ‘ई’ म्हणजे जा. अख्खं क्रियापद एका अक्षराचं! फळ्यावर तेवढंच लिहायचं आणि चित्रकार टिशनचं ‘डायना अँड कॅलिस्टो’ (१५५६–५९) पडद्यावर लावायचं. मग विचारायचं, यात ‘ई’ कुठे आहे? कुणीतरी डायनाच्या ताणलेल्या हाताकडे बोट दाखवतंच.

दुसरी ओळ जूनोची, म्हणजे देवांचा राजा ज्युपिटर याच्या बायकोची. कॅलिस्टोचं अस्वल झालंय, ज्युपिटरने तिला आकाशात नेऊन बसवलंय, आणि जूनो तणतणत समुद्रदेवतांकडे जाते: ‘गुर्गिते काइरुलेओ सेप्तेम प्रोहिबेते त्रिओनेस’. त्या सातजणांना निळ्या पाण्यात उतरू देऊ नका. पुन्हा आज्ञार्थ, पण ऐकणारे दोघं म्हणून अनेकवचनी. पुन्हा पाण्याचीच बंदी. ‘गुर्गिते’ आपल्याला पंचमी म्हणून चटकन कळतं, इथल्या मुलांना पाण्या‘पासून’ असं फोड करून सांगावं लागतं. ‘सेप्तेम’ला सप्तर्षी सांगून टाका, फुकटची टाळी मिळते. (त्रिओनेस म्हणजे नांगराचे बैल. अस्वलाच्या कथेत बैल कसे, हे कोणीतरी विचारणारच: त्या ताऱ्यांचं रोमन लोकांतलं जुनं नाव ते.)

आता स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, ठिकाण रोम, आणि रात्र भरभर फिरवा. सातही तारे उत्तर क्षितिजाकडे उतरतात, पण बुडत नाहीत. शेपटीचं टोक हल्ली अगदी क्षितिज घासून जातं. ओविडच्या काळी ते ध्रुवाच्या बरंच जवळ होतं. मग ठिकाण पुणे करा. सातही सरळ खाली जातात. माझ्या वर्गात एकजण ओरडला होता, “मिस, जूनोचं तिथे कोणी ऐकत नाही!”

एक सांभाळा. ज्युपिटरने कॅलिस्टोवर केला तो बलात्कार आहे, त्याला प्रेमप्रकरण म्हणू नका. जूनोच्या त्या ओळीच्या लगेच पुढच्या ओळीत ‘स्तुप्री’ (शीलभंगाचा) येतं, मुलं कोश उघडणारच, तेव्हा आधी आपणच सांगितलेलं बरं. त्याच वाक्यात शेवटी जूनो तिला ‘पाएलेक्स’ म्हणते. इंग्रजीत त्यासाठी मुलं अर्धा तास शब्द शोधतात. आपल्याकडे ‘सवत’ तयार आहे.

गुरूचे, म्हणजे ज्युपिटरचे, चंद्र याच तासात कोंबू नका. गॅलिलिओने ते १६१० मध्ये पाहिले, खगोलशास्त्रज्ञ मारिउसने आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो ही नावं १६१४ मध्ये छापली, दोघांची पुस्तकं लॅटिनमध्येच. तो निराळा तास, आणि त्याला दुर्बीण हवी.