रक्ताला गाठ मारू नका

सदाशिव पेठेतून एका वाचकांनी विचारलंय: भाचीला टीटीपी (बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा आजार) झालाय, मदतीच्या अर्जात आजार मराठीत लिहायचाय, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत ‘गाठी’ लिहू की ‘गुठळ्या’?

‘गाठी’ अजिबात नको. ग्रंथीची झाली गाठ. ती दोऱ्याला असते, उसाला असते, लग्नात उपरण्याला मारतात. गेल्या महिन्यात एका दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या बाई ‘मेंदूत गाठ’ ऐकून रडायलाच लागल्या. त्यांना वाटलं ट्यूमर. निघाली गुठळी.

आणि रक्त ‘गोठलं’ तरी कशाला म्हणायचं? पाणी गोठतं, तूप थिजतं, दही लागतं आणि रक्त साकळतं. इतकी नेमकी क्रियापदं घरात असताना सगळीकडे ‘गोठणे’ फासायची हौस मला कळत नाही.

माझ्या मते साकळणे म्हणजे साखळी होणे. शृंखलेची प्राकृतात संखलाही झाली आणि संकलाही. आपण साखळी म्हणतो, गुजराती माणूस सांकळ म्हणतो, आणि ‘रक्त साखळलं’ म्हणणारी माणसं मराठीतही आहेत. काही जाणकार मात्र हा शब्द ‘संकलन’वरून आणतात. ध्वनिनियमांत ते बसतं, मान्य. पण संकलन म्हणजे गोळाबेरीज! भाजीच्या पिशवीतले बटाटे गोळा होतात, ते काही साकळत नाहीत. एकमेकांत अडकणं हवं, आणि ते साखळीत आहे.

आता टीटीपी पाहा. फॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं प्रथिन रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून लांबच लांब साखळ्यांच्या रूपात बाहेर पडतं. अ‍ॅडॅम्ट्स-१३ हे विकर (एन्झाइम) त्या साखळ्या कातरतं. या आजारात बहुधा शरीराचीच प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) ही कात्री बोथट करतात. न कातरलेल्या साखळीला प्लेटलेट लटकतात आणि केसाहून बारीक वाहिनी तुंबते. अख्खी साखळीच! १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉशकोविट्झ यांनी सोळा वर्षांच्या मुलीत हा आजार प्रथम नोंदवला तेव्हा या कात्रीचा पत्ताही नव्हता. शब्द मात्र आपल्याकडे होता. (संकलनवाल्यांनी यावर जरूर लिहावं, पण बटाट्यांचं उत्तर घेऊन.)

मोठी वाहिनी बंद पडली की एक बाजू लुळी पडते. इथे चिमुकल्या वाहिन्या तुंबतात, मोकळ्या होतात, म्हणून माणूस सकाळी असंबद्ध बोलतो नि दुपारी शुद्धीत चहा मागतो. स्कॅन कित्येकदा स्वच्छ येतो. प्लेटलेट या गुठळ्यांतच खर्ची पडतात, म्हणून गुठळ्यांच्या आजारात अंगावर रक्तस्रावाचे जांभळे ठिपके. नावातला ‘पर्प्युरा’ तोच. तो शब्द समुद्री गोगलगायीपासून मिळणाऱ्या जांभळ्या रंगाचा, पण ते पुन्हा कधीतरी.

हां, अर्ज. ‘मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्त साकळून झालेल्या गुठळ्या’ असं लिहा, आणि पुढे थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा हे पूर्ण नाव, कारण अर्ज तपासणारा माझ्यासारखा नसेल.