वाकड्या चोचीच्या पिल्लांसाठी एफडी मोडू का?

चिपळूणजवळच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. घरी पंचवीस गावरान कोंबड्या, अंडी विकून खाद्य वजा जाता महिन्याला अठराशेच्या आसपास सुटतात. मिस्टर गेल्यावर फॅमिली पेन्शन 14,500, घरखर्च आणि औषधं मिळून 11,000. सेव्हिंगला 22,000 आणि दीड लाखाची एक एफडी, तीन वर्षांची, 7 टक्क्यांची, त्यातले चौदा महिने झालेत. छोट्या इन्क्युबेटरमधून 22 पिल्लं निघाली त्यातल्या तिघांच्या चोची कात्रीसारख्या एकमेकांवरून गेल्यात, एकाचे पाय फेंगडे आहेत. ती आता पाच आठवड्यांची झालीत. जवळचा एक हॅचरीवाला म्हणतो अशीच पंधरा पिल्लं फुकट देतो, घेऊन जा, नाहीतर आम्ही टाकूनच देतो. ताईंना वाटतं एफडी मोडून साठ हजाराची पक्की शेड बांधावी आणि सगळ्यांना सांभाळावं. पुण्यातला मुलगा म्हणतो चारही कापून टाक.

ताई, आधी सरळ उत्तर देतो. चार ठेवा. पंधरा घेऊ नका. एफडीला हात लावू नका.

मुलाचं आधी बोलतो, कारण त्याला वाटतंय आई पैसे पाण्यात घालतेय. धंदा म्हणून बघितलं तर त्याचं बरोबर आहे, गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, ज्या कोंबडीला पोटभर खाताच येत नाही ती त्याहून कमी, यातनं पैसे सुटणार नाहीत. पण तुम्ही हा धंदा म्हणून विचारतच नाही आहात आणि विचारूही नका. हा घरखर्च आहे, जसं कुणी कुत्रं पाळतं, कुणी दर महिन्याला देवळात देतं. घरखर्चाला नफा बघायचा नसतो, तो झेपतो का आणि त्याला मर्यादा घातलीय का एवढंच बघायचं. म्हणून पहिलं काम, अंड्यांच्या वहीत या चौघांचा खर्च लिहू नका, वेगळी वही करा, नाहीतर सहा महिन्यांनी कळणार नाही की अंड्यांचा धंदा बसतोय की पिल्लांवर जातंय.

आता आकडे. मोठं झाल्यावर एका पक्ष्याला दिवसाला 100 ते 110 ग्रॅम खाद्य लागतं. चौघांचं महिन्याला तेरा किलो, पण वाकड्या चोचीची कोंबडी खाताना बरंच सांडते म्हणून सोळा किलो धरा. तुम्ही सांगितलेल्या 36 रुपये भावाने पावणेसहाशे. तूस, व्हिटॅमिन वगैरे दीडशे, डॉक्टरसाठी दर महिन्याला तीनशे बाजूला. म्हणजे हजार-अकराशे. तुमचे पेन्शनमधले साडेतीन हजार उरतात, अंड्यांचे अठराशे, एकूण 5,300. यात अकराशे आरामात बसतात. फक्त हा खर्च एका वर्षाचा नाही हे मनात धरा, नीट सांभाळलेली कोंबडी पाच-सात वर्षं जगते.

तेच एकोणीस पक्ष्यांचं करून बघा. खाद्य 2,700, तूस आणि व्हिटॅमिन पाचशे, औषधपाणी हजार, झाले 4,200. शेडसाठी एफडी मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून कर्ज, घेतलं तरी साठ हजारावर 8 टक्के धरून व्याजच महिन्याला चारशे. हातात सातशे रुपये उरले, त्यात गणपती आले किंवा तुमचं स्वतःचं बीपी वाढून दवाखाना लागला तर काय करणार? आणि ती एफडी म्हणजे तुमची बचत नाही हो ताई, तीच तुमची अडीनडीची पुंजी आहे, सेव्हिंगमधले 22,000 सोडले तर दुसरं काही नाहीच. अर्धी मोडता येत नाही असं बँकेने सांगितलंय, म्हणजे साठ हजारासाठी दीड लाख मोडायचे. चौदा महिन्यांचा कमी दर लागेल, वर एक टक्का दंड, अडीच-तीन हजाराचं व्याज तिथेच गेलं.

पैशापेक्षा मला वेळेची जास्त काळजी वाटते. तुम्हीच लिहिलंय तीन पिल्लांना भरवायला रोज पाऊण तास जातो. अजून पंधरा आली तर पावणेचार तास वाढले, रोज, आणि तुमचे गुडघे दुखतात हे पण तुम्हीच लिहिलंय. शिवाय बाहेरची पिल्लं आणली की मानमोडी किंवा देवीसारखा कोंबड्यांचा साथीचा रोग सोबत येऊ शकतो, आणि तुमच्या पंचवीस धडधाकट कोंबड्या झोपल्या तर ते अठराशेही गेले. फुकटची पिल्लं सगळ्यात महाग पडतात ती अशी. हॅचरीवाल्याला नाही म्हणताना वाईट वाटेल, मलाही लिहिताना वाटतंय, पण तुम्ही आजारी पडलात तर एकोणीसच्या एकोणीस उपाशी राहतील.

मग खर्च कुठे करायचा? साठ हजाराची शेड नको, आहे त्याच खुराड्यात जाळी मारून चार बाय सहाचा कप्पा करा. सुताराने सात-आठ हजार सांगितलेत ना, ते सेव्हिंगमधून द्या. जाळी बारीक आणि जाड तारेची घ्या, मुंगूस पातळ जाळी फाडतं. वेगळा कप्पा यासाठी की बाकीच्या कोंबड्या यांचं खाणं दोन मिनिटांत संपवतात आणि ही बिचारी चोच मारत बसतात.

भांडं खोल घ्या आणि विटेवर ठेवा, पिल्लाच्या खांद्याच्या उंचीला. चोचीने दाणा उचलता येत नाही पण ओला घट्ट मॅश, म्हणजे दळलेलं खाद्य, खोऱ्यासारखा उचलता येतो. माझ्या आजीकडे चोच मोडलेली एक कोंबडी होती, आजी तिला खोल वाडग्यात पेजेत कालवलेला भरडा द्यायची, आणि ती बरीच वर्षं जगली. पण कोकणातल्या पावसात ओलं खाद्य काही तासांत बुरशी धरतं, म्हणून थोडं थोडं भिजवा, उरलेलं टाकून द्या, तिथे काटकसर करू नका, बुरशीचं खाद्य खाऊन कोंबडी मेली तर सगळाच खर्च वाया. फेंगड्या पायाच्या पिल्लाला पहिल्या काही दिवसांत दोन्ही पायांना पट्टी बांधली असती तर पाय बहुतेक सरळ झाले असते, आता उशीर झालाय, त्याला कागदावर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवू नका, तूस जाड पसरा आणि त्याचं भांडं मात्र खाली ठेवा.

स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या, चार-पाचशेला येतो. दर रविवारी वजन करून वहीत लिहा. वाढत्या पिल्लाचं वजन दोन आठवडे वाढलं नाही की डॉक्टर. चोच घासली जात नाही त्यामुळे वाढतच राहते, नखाच्या कानशीने टोक थोडं थोडं घासायचं, आत जिवंत भाग असतो तो टॉर्च धरला की दिसतो, तिथपर्यंत जायचं नाही. पहिल्यांदा डॉक्टरकडूनच शिकून घ्या. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फी नाममात्र असते, 1962 या नंबरला फोन करून फिरत्या दवाखान्याचंही विचारा. चोचीने पिसं साफ करता येत नाहीत म्हणून पंखाखाली उवा बघत जा आणि राख-मातीचा खड्डा ठेवा. आणि सगळं करूनही एखादं पिल्लू खंगतच गेलं, उभं राहीना, तर डॉक्टरांना विचारून त्याला शांतपणे जाऊ द्या, तेव्हा पैसे ओतत बसू नका, त्याचे हाल होतात.

सगळ्यात फायद्याचा खर्च तुम्ही लिहिलाच नाहीये. 22 मधली तीन वाकडी म्हणजे खूप झाली. चार वर्षं एकच कोंबडा आहे म्हणता, म्हणजे तो आता स्वतःच्याच मुलींवर चाललाय. चोचीचा दोष बऱ्याचदा रक्तातून येतो. कोंबडा बदला, सहा-सातशे रुपये लागतील, नवा आणल्यावर महिनाभर वेगळा ठेवा. इन्क्युबेटरचं तापमान दुसऱ्या थर्मामीटरने तपासा, पंख्याच्या मशीनला 37.5 अंश सेल्सिअसच्या आसपास हवं, आणि कोंबड्यांना कोंडा-तांदळावर न ठेवता लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, द्या, अंड्यात व्हिटॅमिन कमी पडलं तरी पिल्लं अशी निघतात. या तिघांची अंडी उबवायला लावू नका, खायला-विकायला चालतील, फक्त औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तेवढे दिवस नंतर खायची-विकायची नाहीत.

एफडीची मुदत संपली की दीड लाखाची एकच न करता पन्नास-पन्नासच्या तीन करा, म्हणजे पुढे खरंच अडचण आली तर एकच मोडावी लागेल. आणि बँकेत जाल तेव्हा नॉमिनी अजून मिस्टरांच्याच नावाने आहे का तेवढं बघून या.