लोगो फाटतो, वेलांटी सरकते : वेक्टरवरून पीएनजी काढताना

प्रश्न : संस्थेचा लोगो एसव्हीजीमध्ये (वेक्टर, म्हणजे रेषा-आकारांच्या स्वरूपातली फाइल) आहे. इंकस्केप या वेक्टरच्या सॉफ्टवेअरमधून पीएनजी (पिक्सेलचं चित्र) काढला, मग फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये डीपीआय (इंचाला किती पिक्सेल) ९६ चा ३०० केला. तरी कार्यक्रमपत्रिकेवर चार इंच रुंद छापल्यावर कडा फाटल्याच. (कोल्हापूर)

उत्तर : डीपीआयचा आकडा बदलून पिक्सेल वाढत नाहीत. चार इंचांचा लोगो ९६ ने काढलात, म्हणजे रुंदीत ३८४ पिक्सेल आले. ३०० च्या हिशेबाने ते जेमतेम सव्वा इंचाला पुरतात. चार इंचांवर ताणले की पायऱ्या दिसणारच. सॉफ्टवेअरने ‘रिसॅम्पल’ करून पिक्सेल भरले असतील, तर पायऱ्यांच्या जागी धुरकटपणा येतो, एवढाच फरक. तो पीएनजी टाकून द्या आणि मूळ एसव्हीजी उघडा.

लोगो निवडा, कंट्रोल-शिफ्ट-ई दाबा, ‘सिलेक्शन’ घ्या (नाहीतर पानाची कोरी जागाही सोबत येते) आणि रुंदीच्या चौकटीत थेट १२०० लिहा, म्हणजे ४ गुणिले ३००. डीपीआय आपोआप बसतो. फाइल इलस्ट्रेटर या दुसऱ्या वेक्टर सॉफ्टवेअरमधून आलेली असेल, तर तिथे ३०० ऐवजी ४०० दिसेल, घाबरू नका. इलस्ट्रेटर इंचाला ७२ एककं धरतो आणि इंकस्केप ९६ (०.९२ आवृत्तीच्या आधी ९०), त्यामुळे तिकडचे चार इंच इकडे तीनच भरतात. पिक्सेल १२०० आहेत ना? मग पानात लावताना रुंदी चार इंच करा, काम झालं.

प्रश्न : एसव्हीजीतला मराठी मजकूर माझ्या संगणकावर नीट दिसतो. सर्व्हरवर पीएनजी केला की ‘किल्ला’मधली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षराचा पाय मोडतो. दुसऱ्या एका ठिकाणी तर नुसते चौकोन आले. (पुणे)

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत. चौकोन आले, म्हणजे तिथे देवनागरी फॉन्टच नाही. वेलांटी सरकली, म्हणजे फॉन्ट आहे, पण अक्षरं जुळवणारा भाग नाही. ऱ्हस्व वेलांटी फाइलमध्ये ‘क’च्या नंतर साठवलेली असते आणि काढायची मात्र ‘क’च्या आधी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरांची जुळणी प्रोग्रॅमने करायची असते. काही हलके प्रोग्रॅम ती करतच नाहीत, समोर येईल तसं अक्षर काढत जातात.

खात्रीचा उपाय एकच : जिथे मजकूर नीट दिसतो, त्याच संगणकावर अक्षरांचे आकार करून घ्या. इंकस्केपमध्ये मजकूर निवडून कंट्रोल-शिफ्ट-सी, कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू, म्हणजे आपलं नेहमीचं ‘कर्व्ह करणं’. त्याआधी मजकूर शाबूत असलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा, कारण कर्व्ह झालेल्या अक्षरांत नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही. निघालेल्या पीएनजीत ‘दुसऱ्या’, ‘किल्ल्यात’ असे शब्द मोठे करून बघा. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे झाले असतील, तर बहुधा वाटेत कुठेतरी फॉन्ट बदलला गेलाय. आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसला, तर मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या डीटीपी फॉन्टमधला आहे. तो मूळ फॉन्ट बसवलेल्या संगणकावरच कर्व्ह करावा लागेल.

प्रश्न : महाराष्ट्राचा जिल्हावार नकाशा पीएनजी केला की जिल्ह्यांमध्ये बारीक पांढऱ्या रेघा येतात. एसव्हीजीत तर फट नाही! (नाशिक)

उत्तर : फट खरंच नाही. सातारा आणि सांगली यांची हद्द एका पिक्सेलच्या मधून जाते असं समजा. आधी सातारा रंगवला जातो : पिक्सेल निम्मा झाकला, म्हणून रंग निम्मा आणि निम्मा पांढरा. मग सांगली येते, तीही निम्मी झाकते, पण जे आहे त्या सगळ्यावर. उरलेल्या पांढऱ्याचाही निम्माच भाग झाकला जातो आणि पाव हिस्सा पांढरा शिल्लक राहतो. तीच तुमची रेघ. डीपीआय वाढवून ती बारीक होते, जात नाही.

प्रत्येक जिल्ह्याला त्याच्याच रंगाची, १ पिक्सेल भरेल इतकी किनार द्या. नकाशा ४०० एकक रुंद आणि पीएनजी २००० पिक्सेल असेल, तर किनार ०.२ एकक. किनारीचे सांधे (जॉइन) गोल ठेवा, नाहीतर किनाऱ्याच्या खाचाखोचांत काटे उगवतात. किनार नको असेल, तर अँटिअलायसिंग (कडेच्या पिक्सेलांत असा अर्धवट रंग भरणं) बंद करून चौपट आकाराचा पीएनजी काढा आणि मग सरासरी घेणाऱ्या पद्धतीने पाव करा. वेळ जास्त लागतो, पण माझी पसंती यालाच.

प्रश्न : जेपीईजी केल्यावर लोगोमागे काळा चौकोन येतो आणि भगव्यावरची लाल अक्षरं मळकट दिसतात. (सोलापूर)

उत्तर : जेपीईजीत पारदर्शकता नसते, रिकाम्या जागी काही सॉफ्टवेअर काळं भरतात. निर्यातीआधी मागे पांढरा आयत ठेवा. मळकटपणा येतो, कारण जेपीईजी रंगाची माहिती उजेडापेक्षा ढोबळ साठवतो. सपाट रंग आणि अक्षरं असतील, तर पीएनजीच. जेपीईजी करणं भागच असेल, तर सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती कमी करायची ते) ४:४:४ ठेवा, म्हणजे ती कमी होत नाही.

प्रश्न : १० बाय ५ फुटांचा फ्लेक्स ३०० डीपीआयने काढताना संगणक अडकतो. (जालना)

उत्तर : अडकणारच! ३६,००० गुणिले १८,००० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे जवळपास २.६ जीबी नुसतं चित्र. पंधरा फुटांवरून बघायच्या फ्लेक्सला ७२ पुष्कळ झाले. तेव्हा हाच आकडा १५० एमबीवर येतो. फोटो नसून नुसता मजकूर आणि आकार असतील, तर पिक्सेल करायच्या फंदात पडू नका. कर्व्ह केलेली पीडीएफ द्या. छपाईच्या दुकानातलं रिप सॉफ्टवेअर मशीनच्या मापाने पिक्सेल स्वतःच पाडतं.