फोर्कलिफ्टचा सिलिंडर आडवा का?

प्रश्न : प्रोपेनवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टला (माल उचलणाऱ्या गाडीला) सिलिंडर मागे आडवा का बांधतात? आणि कधीकधी रेग्युलेटरवर बर्फ का धरतो?

उत्तर : आडवा असला तरी आतली नळी बरोब्बर तळातल्या द्रवात बुडालेली असते, कारण इंजिनाला इथे वरचा गॅस नाही तर द्रव प्रोपेनच लागतं, ते फिल्टर आणि लॉक-ऑफ व्हॉल्व्हमधून (इंजिन बंद असताना इंधन अडवणारी झडप) व्हेपोरायझर-रेग्युलेटरमध्ये येतं, तिथे इंजिनाच्या कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) गरमीने त्याची वाफ होते, मग मिक्सरमध्ये हवेशी मिसळून स्पार्क प्लगने पेटतं, बाकी पेट्रोल इंजिनासारखंच. प्रोपेन उणे ४२ अंशालाच उकळतं, वाफ होताना उष्णता खेचून घेतं. म्हणून कूलंट कमी असेल किंवा इंजिन थंड असताना लगेच जोर दिला तर बर्फ धरणारच! आधी कूलंट बघा. आणि हो, सिलिंडर पिनवर (त्याची बाजू ठरवणाऱ्या खुंटीवर) नीट बसवा, नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्हची दिशा चुकते.