लोह वाढलंय, कढईचं काय?

प्रश्न : यजमानांना आनुवंशिक लोहाधिक्य निघालंय, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) १२००. पालेभाज्या, लोखंडी कढई बंद करू का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : पालेभाजी खुशाल वाढा, तिच्यातलं लोह फारसं अंगी लागत नाही. कढईत चिंच-आमसुलाचं मात्र नको. खरा उपाय रक्त काढण्याचाच. एका वेळी सुमारे ४५० मिली, म्हणजे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह बाहेर. सुरुवातीला बहुधा दर आठवड्याला, फेरिटिन ५०च्या आसपास येईपर्यंत. आधी हिमोग्लोबिन पाहतात; ११च्या खाली गेलं की थांबतात. उपाशीपोटी पाठवू नका, चक्कर येते. लोहाची टॉनिकं, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या, दारू बंद. खाडीची कालवं पूर्ण शिजवूनच; कच्च्यातले काही जंतू अशा रुग्णाच्या जिवावर उठतात. आणि दीर-नणंदांचं फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती टक्के लोह चढलंय ते) तपासून घ्या, तक्रार नसली तरी.