भिंतीवरचा ‘ई’

नमस्कार.

तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत आहे. बारावीतला मुलगा लातूरला खोली घेऊन नीटची तयारी करतोय, रात्री कोरियन चित्रकथा वाचत बसतो, सराव परीक्षेत 720 पैकी 310 वर आलाय. तर त्याला फोन नसलेल्या हॉस्टेलवर ठेवावं, की आत्तापासूनच रिपीटर बॅच बघावी? मी मात्र त्याच्या आधीच्या मजकुरापाशी अडकले. त्याने टेबलासमोरच्या भिंतीवर पेनाने मोठा ‘ई’ काढलाय, विचारलं तर ‘ही माझी रँक’ म्हणाला, आणि तुम्ही चिडून त्याची चित्रांची वही फाडलीत, असं तुम्ही एका दमात लिहून पुढे फीच्या हिशोबाकडे गेलात. त्या ‘ई’पाशी थांबायला हवं होतं.

तो ‘ई’ बहुधा ‘सोलो लेव्हलिंग’मधला आहे. चुगोंग या कोरियन लेखकाची ही कादंबरी 2016 मध्ये ऑनलाइन सुरू झाली आणि 2018 पासून तिची चित्रकथा आली. त्या जगात राक्षसांशी लढणाऱ्यांना ‘ई’पासून ‘एस’पर्यंत श्रेणी मिळते, आणि एकदा मिळालेली श्रेणी सहसा बदलत नाही. नायक सुंग जिनवू अगदी तळाचा, ‘ई’. आई दवाखान्यात बेशुद्ध, तिचं बिल भरायचं, म्हणून तो दर वेळी जखमी होऊनही पुन्हा जातो. पुढे तो अफाट बलवान होतो, मुलं त्यासाठीच वाचतात. तुमच्या मुलाने मात्र भिंतीवर सुरुवातीचा जिनवू लिहिलाय. ज्याला सगळे दुबळा म्हणून ओळखतात, तो.

हे त्याला कथेने शिकवलं का? तुम्हीच लिहिता की दर रविवारचे मार्क तुम्ही भावकीच्या ग्रुपवर टाकता, ‘म्हणजे त्याला लाज वाटेल’. शेत गहाण ठेवून सात लाख उभे केले, ‘हे त्याला रोज आठवलं पाहिजे’. आणि ‘तो पडला तर आम्ही सगळे पडलो’ हे वाक्य तुम्ही त्याच्या तोंडावर बोललात. भाऊ, स्पष्ट सांगते, सतरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर कर्ज ठेवायचं नसतं. कर्ज तुम्ही काढलंत, बँकेशी बोलायचं तुम्ही. घराचं बिल एकट्याने फेडायला निघालेला नायक त्याला इतका आपला का वाटतो, ते मला तुमच्या पत्रावरूनच कळलं.

आता तुमचा गैरसमज. ‘आयतं बळ मिळणाऱ्या हिरोच्या गोष्टी वाचून पोरगं ऐतखाऊ झालं,’ असं तुम्ही म्हणता. जिनवूला रोजचं काम नेमून दिलेलं असतं: शंभर जोर, शंभर बैठका, पोटाचे शंभर व्यायाम आणि दहा किलोमीटर धावणं. एक दिवस चुकला तर शिक्षा म्हणून वाळवंटात अजस्र गोमींपुढे चार तास जीव वाचवत पळावं लागतं. म्हणजे कष्ट आहेतच. फरक एवढाच, की केलेल्या प्रत्येक कष्टाची नोंद होते आणि आकडा वर जाताना त्याला डोळ्यांनी दिसतो. अशा अतिबलाढ्य नायकाला कोरियन वाचक ‘मंचकिन’ म्हणतात. गोष्ट झटपट सुटत गेली तर ती ‘सायडा’, म्हणजे त्यांच्याकडचं लिंबाच्या चवीचं सोडापेय, आणि नायक नुसता सोसत राहिला तर ‘गोगुमा’, म्हणजे कोरडं रताळं, घशात अडकणारं. त्या देशात मुलांचं बारावीनंतरचं भवितव्य नोव्हेंबरमधल्या एका दिवसाच्या परीक्षेवर टांगलेलं असतं. इंग्रजी ऐकण्याच्या पेपरच्या वेळी विमानांची उड्डाणंही थांबवतात. तिथे लोकांना दिवसाअखेरी दोन घोट सायडा हवा असतो, यात मला काही विचित्र वाटत नाही. तुमचा मुलगा रात्री अकराला जोर काढतो, ही तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत. दोन महिने एकही दिवस न चुकता काढतोय, हेही तुम्हीच लिहिलंय. हा आळस नव्हे.

या कथांबद्दल माझीही एक तक्रार आहे. त्यातला नायक कुणालाच काही सांगत नाही, सगळं एकट्याने निभावतो. तुमचा मुलगा ते उचलतोय, आणि मला काळजी आहे ती याची. तो जेवतो का, झोपतो का, ‘माझा काही उपयोग नाही’ असं काही बोलतो का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. आधी ते बघा. तसं काही ऐकू आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

चित्रांचं म्हणाल, तर ती वही मी पाहिलेली नाही आणि आता पाहताही येणार नाही. इतकं सांगते, की हे क्षेत्रही एकट्याचं नाही. या कथेची चित्रं ‘दुबू’ या टोपणनावाने काढणारे जांग संग-राक आणि त्यांच्या रेडआइस स्टुडिओतले सहकारी मिळून आठवड्याला एक रंगीत भाग पुरा करत. जांग 2022 च्या जुलैमध्ये गेले, अवघ्या 37 व्या वर्षी. या कामात रमण्याआधी मुलाने तब्येत आणि झोप यांची किंमत ओळखलेली बरी, हे त्यालाही सांगायचंय. वाट हवीच असेल तर डिझाइनच्या दोन प्रवेश परीक्षा, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची (एनआयडी) डॅट आणि मुंबई आयआयटी घेते ती यूसीड, शिवाय जे.जे.चा उपयोजित कला अभ्यासक्रम, तिन्ही सायन्सच्या मुलाला खुल्या आहेत. नीट पुन्हा देता येते, एमएचटी-सीईटीतून फार्मसी आणि कृषीही आहे. यातलं काहीही ठरवायची ही वेळ नाही.

हॉस्टेल नको. रिपीटर बॅचचं नाव मे महिन्यातल्या परीक्षेपर्यंत घरात काढू नका. ग्रुपवर मार्क टाकणं आजपासून बंद, आणि नातेवाइकांनी विचारलं तर ‘अभ्यास चालू आहे’ एवढंच सांगा. येत्या रविवारी लातूरला जा, मार्कांचा कागद न घेता. सोबत एक कोरी ड्रॉइंगची वही न्या आणि पहिली फाडल्याबद्दल त्याची माफी मागा, त्याच्या आईसमोर. मग जिनवूची गोष्ट त्याच्याकडून ऐका. तो कुठपर्यंत आलाय, त्याला कोणतं पान आवडतं, विचारा. मध्ये बोलू नका.

पुढचं पत्र त्याला लिहावंसं वाटलं तर लिहू द्या. अभ्यासक्रमांची यादी मी त्यालाच पाठवीन.