करसवलत मिळाली, मग खात्यात पैसे का नाहीत?

वाचकांचे प्रश्न : कर, पगार आणि सरकारी योजना

बजेटनंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं रिबेट, परतावा आणि ‘आमच्यासारख्यांना काय मिळतं’ याबद्दलची आहेत. त्यातली काही निवडली आहेत. कराची उत्तरं आर्थिक वर्ष 2025-26 धरून दिली आहेत. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण 2025-26 चा हिशोब जुन्याच कायद्याने होतो.

प्रश्न : मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहे. पगार महिना 24,000. सरकारने 60,000 रुपयांची रिबेट दिली असं ऐकलं. आमच्या इथला एकजण 1,500 रुपये घेऊन फॉर्म भरतो आणि ‘पैसे खात्यावर येतात’ म्हणतो. खरं आहे का?

उत्तर : नाही. रिबेट लागलेल्या करातून वजा होते. करच लागला नसेल तर वजा कशातून करणार? तुमचा वर्षाचा पगार 2,88,000. त्यातून 75,000 प्रमाणित वजावट (पगारदारांना सरसकट मिळणारी) गेली की उरतात 2,13,000. कराच्या नव्या पद्धतीत पहिल्या 4 लाखांवर कर शून्य आहे. म्हणजे तुमचा कर शून्य आणि रिबेटही शून्य. 60,000 हा आकडा बरोबर 12 लाख करपात्र उत्पन्न असलेल्या माणसाचा आहे. त्याला लागणारा 60,000 कर माफ होतो, त्याच्याही हातात रोख काही पडत नाही.

मग त्या एकजणाच्या ओळखीतल्यांच्या खात्यावर पैसे येतात ते कुठून? बहुतेकदा तो त्यांचाच टीडीएस, म्हणजे पगारातून किंवा बिलातून आधीच कापलेला कर असतो, आणि तो परत मिळणं हा त्यांचा हक्क आहे. पण काही एजंट अशा वजावटी चालतात ती जुनी पद्धत निवडून खोटं घरभाडं, न दिलेली देणगी, नसलेला आरोग्य विमा दाखवतात आणि परतावा फुगवतात. पुढे नोटीस येते ती पॅनधारकाला, एजंटाला नव्हे. चुकीची माहिती देऊन बुडवलेल्या कराच्या 200 टक्के दंड लागू शकतो, वर व्याज वेगळं. तुमचा टीडीएस कापलेला नाही, म्हणजे परत मिळण्यासारखंही काही नाही. 1,500 रुपये वाचवा.

प्रश्न : राजारामपुरीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. 2015 मध्ये ब्रिटनच्या संसदेतल्या लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाने टॅक्स क्रेडिटची कपात अडवली, असं वाचलं. तिथलं टॅक्स क्रेडिट म्हणजे आपली रिबेटच का? आणि आपली राज्यसभा असं काही करू शकते का?

उत्तर : नावात टॅक्स असलं तरी ती रिबेट नव्हती. वरच्या पत्रातल्या ऑपरेटरसारख्या माणसाला, म्हणजे काम करतो पण घर भागत नाही अशाला, सरकार दर आठवड्याला किंवा चार आठवड्यांनी खात्यात पैसे देत असे, मग त्याने कर भरलेला असो वा नसो. गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री असताना 1999 मध्ये कष्टकरी कुटुंबांसाठी हे सुरू झालं. 2003 पासून त्याचे दोन भाग झाले, एक कामासाठी आणि एक मुलांसाठी. कामाच्या भागासाठी तासांची अट होती: एकट्या पालकाने आठवड्याला किमान 16 तास, मुलं असलेल्या जोडप्याने साधारणपणे मिळून 24 तास.

खरी मेख उतरणीत होती. उत्पन्न 6,420 पौंडांपर्यंत असेल तर पूर्ण मदत, आणि त्यावरच्या प्रत्येक पौंडामागे 41 पेन्स कमी. तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी 2015 मध्ये हा उंबरठा 3,850 वर आणायचं आणि कपात 48 पेन्स करायचं ठरवलं. वर्षाला 13,000 पौंड कमावणारं कुटुंब घ्या. जुन्या नियमाने 6,580 चे 41 टक्के म्हणजे 2,698 पौंड मदतीतून वजा होत. नव्या नियमाने 9,150 चे 48 टक्के, म्हणजे 4,392. फरक 1,694 पौंडांचा, महिन्याला 141. सरकारचं म्हणणं होतं की किमान वेतन वाढवतोय, करमुक्त मर्यादा वाढवतोय, आणि 4.4 अब्ज पौंड वाचतील. विरोधकांचा मुद्दा साधा होता: कपात एप्रिलमध्ये एकदम बसणार आणि वेतनवाढ हळूहळू येणार, तर मधली वर्षं त्या घराने काढायची कशी? आमच्या मते या मुद्द्याला सरकारकडे शेवटपर्यंत नीट उत्तर नव्हतं.

26 ऑक्टोबर 2015 ला लॉर्ड्समध्ये सरकार दोनदा हरलं. आधी तपशीलवार उत्तर द्या म्हणणारा ठराव 307 विरुद्ध 277 मतांनी मंजूर झाला. झळ बसणाऱ्यांना किमान तीन वर्षं भरपाई मिळेपर्यंत थांबा म्हणणारा ठराव 289 विरुद्ध 272 ने. महिन्याभरात, 25 नोव्हेंबरला, ऑस्बोर्न यांनी कपात मागे घेतली.

परीक्षेसाठी लक्षात ठेवायची गोष्ट ही, की लॉर्ड्सला हे जमलं कारण कपात धन विधेयकातून, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशाच्या विधेयकातून, आलीच नव्हती. ती 2002 च्या कायद्याखालच्या नियमावलीतून आली होती. आपल्याकडे राज्यसभा धन विधेयकावर फक्त शिफारशी करू शकते, त्याही 14 दिवसांत, आणि लोकसभेने त्या नाकारल्या की विषय संपला. कराच्या कायद्याखालचे नियम दोन्ही सभागृहांपुढे ठेवतात खरे, पण बदल किंवा रद्द करायला दोघांचं एकमत लागतं. एकट्या राज्यसभेला ते अडवता येत नाहीत.

एक पुरवणी: कपात ‘मागे घेतली’ हे अर्धंच खरं. टॅक्स क्रेडिटच्या जागी आणलेल्या युनिव्हर्सल क्रेडिट या एकत्रित मदतीतली कपात तशीच राहिली आणि लोक जसजसे तिकडे वळवले गेले तसतशी ती लागू झाली. टॅक्स क्रेडिट एप्रिल 2025 मध्ये पूर्ण बंद झालं.

प्रश्न : पगार 13 लाख झाला. 12.75 लाखांच्या वर 25,000 गेले म्हणून आता सगळा कर भरायचा का? शिवाय शेअर्समध्ये थोडा नफा आहे.

उत्तर : सगळा नाही. 75,000 वजा जाता करपात्र उत्पन्न 12,25,000. स्लॅबने कर येतो 63,750, पण सीमांत सवलतीमुळे 12 लाखांवर जितकं जास्त तितकाच कर, म्हणजे 25,000, अधिक 4 टक्के सेस धरून 26,000. ही सवलत करपात्र उत्पन्न सुमारे 12,70,588 होईपर्यंत चालते. शेअर्सचा नफा मात्र यात मिसळू नका. लिस्टेड (बाजारात नोंदलेले) शेअर वर्षाच्या आत विकून झालेल्या नफ्यावर 20 टक्के कर वेगळा लागतो आणि त्यावर रिबेट नाही. पगाराचं करपात्र उत्पन्न 9 लाख आणि असा नफा 1 लाख असेल, तरी 20,800 भरावेच लागतात. ‘12 लाखांच्या आत आहे’ म्हणून लोक इथेच फसतात.

प्रश्न : माझा एक ट्रक साखर कारखान्याला ऊस वाहतुकीवर आहे. वर्षाची बिलं 6 लाखांची, त्यातून 6,000 कापले. ते परत मिळतील का?

उत्तर : इतर मोठं उत्पन्न नसेल तर पूर्ण मिळतील, पण रिटर्न भरल्याशिवाय नाही. एकूण वजन 12 टनांपर्यंतच्या गाडीला अंदाजित उत्पन्न महिना 7,500 धरतात, वर्षाला 90,000. गाडी त्या महिन्यात चालली की दारात उभी होती, याला महत्त्व नाही, मालकी पाहतात. त्याहून जड गाडीला टनामागे महिना 1,000. फॉर्म लागतो आयटीआर-4.

आधी आयकर पोर्टलवर 26एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडा. 6,000 तिथे दिसले नाहीत तर रिटर्न भरून उपयोग नाही. बहुधा कारखान्याने पॅनचा एखादा अंक चुकीचा टाकलेला असतो. दुरुस्तीचं विवरण कारखान्यालाच भरावं लागतं, म्हणून अकाउंट विभागाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग बँक खातं पोर्टलवर प्री-व्हॅलिडेट करा, म्हणजे आधीच पडताळून घ्या. बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी बदललेला असतो, किंवा पॅनवर आडनाव आधी आणि पासबुकात शेवटी असतं, आणि परतावा तिथेच अडकतो. पॅन-आधार जोडलेलं नसेल तर परतावा निघतच नाही. रिटर्न भरल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) केलं नाही तर मुदतीत भरलेलं रिटर्नही उशिराचं ठरतं. मुदतीत भरलं तर 1 एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याजही मिळतं.

पुढच्या हंगामाला टीडीएसची कपातच होऊ नये यासाठी सोपा उपाय आहे. वर्षभरात कधीही 10 पेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील तर तसं लेखी घोषणापत्र पॅनसह कारखान्याला द्या. ते फक्त वाहतुकीच्या बिलाला चालतं. तोडणीचं बिल तुमच्याच नावावर असेल तर त्यावर 1 टक्का कापला जाणारच.

प्रश्न : शिरोलीत फाउंड्रीत आहे. ऑगस्टपासून पगार 20,600 चा 21,400 झाला. ऑफिसवाले म्हणतात ईएसआय (कामगार राज्य विमा) बंद. बायकोची तारीख डिसेंबरची आहे. पगारवाढ नको म्हणून लिहून द्यावं का?

उत्तर : लिहून देऊ नका. ईएसआयची वेतनमर्यादा 21,000 आहे, पण ती वर्गणीचा कालावधी सुरू होताना पाहतात. कालावधी दोनच, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मध्येच पगार वाढला तर 30 सप्टेंबरपर्यंत तुम्ही सदस्य राहता आणि वाढलेल्या पगारावर 0.75 टक्के, म्हणजे 161 रुपये कापले गेलेच पाहिजेत. ऑगस्टलाच बंद करणं चूक आहे.

लाभ त्यानंतरही चालतो. ऑक्टोबर ते मार्चमध्ये किमान 78 दिवसांची वर्गणी भरली असेल तर पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये कुटुंबाला उपचार मिळतात, म्हणून डिसेंबरची बाळंतपणाची तारीख यात बसते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर जानेवारी ते जून. पेहचान कार्डावर (ईएसआयच्या ओळखपत्रावर) बायकोचं नाव चढलंय ना, हे आजच बघा. ऐनवेळी अडतं ते तिथे.

21,400 मध्ये ओव्हरटाइम धरलाय का, हेही पगारपत्रकात पाहा. मर्यादा ठरवताना ओव्हरटाइम धरत नाहीत. तो काढून पगार 21,000 च्या आत येत असेल तर ऑक्टोबरनंतरही सदस्यत्व चालू राहतं.

खरंच मर्यादा ओलांडली असेल तर मात्र इथे ब्रिटनसारखी उतरण नाही, सरळ कडा आहे. 21,000 ला सगळं आणि 21,001 ला काही नाही. जूनपर्यंत वेळ आहे, तोवर कंपनीकडे ग्रुप मेडिक्लेम मागा. तुमच्यासारखे एकाच वेळी मर्यादेबाहेर गेलेले दहा-बाराजण असतील तर एकत्र अर्ज करा.

प्रश्न : मी कसबा बावड्याची. मिस्टरांचा पगार वर्षाला 3,10,000. कर्जासाठी बँकेने रिटर्न मागितलं आहे. कर शून्य आहे, पण रिटर्न भरलं तर माझे लाडकी बहीणचे 1,500 बंद होतील का?

उत्तर : ताई, अडचण रिटर्नची नाही, पगाराची आहे. योजनेत दोन वेगळ्या अटी आहेत. कुटुंबात आयकरदाता नको ही एक, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं ही दुसरी. शून्य कराचं रिटर्न भरल्याने पहिली अट मोडत नाही. दुसरी रिटर्न न भरताही मोडलेली आहे. पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर अर्ज केलेल्यांना उत्पन्नाचा दाखला द्यावा लागला नाही, म्हणून अनेकींना वाटलं की मर्यादाच नाही. सूट दाखल्यापुरती होती. ई-केवायसीत पतीचा किंवा वडिलांचा आधार जोडला जातो. शिवाय ही योजना शासन निर्णयावर चालते, वेगळा कायदा नाही, त्यामुळे अटी आणि तपासणी बदलायला विधिमंडळात जावं लागत नाही. रिटर्न दडवून कर्ज अडवून घेऊ नका.

पीएम-किसानमध्ये मात्र मागच्या कर निर्धारण वर्षात कर भरलेला असला तरच नाव वगळतात. घरात शेती असेल तर शून्य कराच्या रिटर्नमुळे ते 6,000 जात नाहीत.

प्रश्न : गडहिंग्लजला सेंट्रिंगचं काम करतो. रिटर्न, ईएसआय काहीच नाही. दोन मुलं सहावी आणि नववीला. आम्हाला काही मिळतं का?

उत्तर : बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा. वय 18 ते 60, आणि मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. एकच ठेकेदार नसेल तर गावात ग्रामसेवकाकडून, शहरात नगरपरिषदेकडून घ्या. शाळेत 75 टक्के हजेरी असेल तर सहावीच्या मुलाला वर्षाला 2,500 आणि नववीच्याला 5,000 मिळतात. दरवर्षी नूतनीकरण आणि नवा 90 दिवसांचा दाखला लागतो. नूतनीकरण राहिलेल्या काळातला अर्ज नाकारला जातो, म्हणून शाळेचा हजेरीचा दाखला आणण्याआधी कार्डावरची तारीख बघा.